पारड्यातली पोरं

बाळंतपणाच्या वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या बाईला कधी "एखादा किस्सा सांग" म्हणू नये. एक सांगायला तोंड उघडावं तर मागून दहा धावत येतात, आणि ऐकणाऱ्यांचा चहा गार होतो. जयेंद्रगंजातल्या आमच्या दुपारच्या बैठकीनं हे बरंच भोगलं आहे. शेवटी एक मैत्रीण वैतागून म्हणाली, "तू एकदाचं लिहूनच काढ बाई, म्हणजे आम्हाला पत्ते तरी खेळता येतील!" म्हणून लिहिते आहे.

हे सगळं संस्थानच्या काळातलं. शहराच्या लष्कर नावाच्या आमच्या भागात, बाड्याच्या चौकापासून टांग्यानं पाच मिनिटांवर, बायकांचं एक छोटं हॉस्पिटल होतं. बारा खाटा. मी तिथे नर्स होते. विसाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी परत आले तेव्हा सगळे म्हणाले, "आता घरी बस." मी म्हटलं, "बसून काय करू?" आणि ट्रेनिंगला गेले. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या होत्या, आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो. आणि तिसरी आमची आया, नूरन खाला. हॉस्पिटलात यायच्या आधी तिनं तीस वर्षं दाईपण केलं होतं. अर्धं लष्कर आपल्याच हातावर जन्मलंय असं ती सांगायची, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

बाईंना एकच वेड होतं. जन्मलेलं प्रत्येक मूल तोलायचं आणि त्याचं वजन वहीत लिहायचं. या वेडापायी आम्ही तिघींनी जेवढ्या शिव्या खाल्ल्या, तेवढं आमच्या बाळंतिणींनी अन्न खाल्लं असतं तर फार बरं झालं असतं.

* * *

काटा आला तो दिवस मला आठवतो. वर घड्याळासारखी तबकडी, खाली साखळ्यांना टांगलेलं पितळी पारडं. पहिलंच मूल एका हलवायाचं नातवंड. मी त्याला पारड्यात ठेवायला उचललं, तर आजी आडवी आली.

"बच्चा है कि बर्फी? तौलने से बच्चा घटता है!"

हलवायाच्या घरातल्या बाईशी तोलण्याबद्दल वाद कोण घालणार? पण ही एकटीच नव्हती. मराठी असो, हिंदी असो, "मुलाला तोललं की नजर लागते" यावर सगळ्या सासवांचं एकमत होतं. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं मी बघितलं नाही.

तोड काढली नूरन खालानं. काट्यालाच काजळाचं बोट लावलं आणि एक लिंबू, सात मिरच्या बांधून टाकल्या. "अब जो नज़र लगेगी, कांटे को लगेगी!" सासवांची खात्री पटली. मुलं तोलली जाऊ लागली.

आठवड्याभरानं बाईंनी वही बघितली आणि खूश झाल्या. "काय गं, या आठवड्यात प्रत्येक मूल दोन-अडीच औंसांनी वर आहे! आपण बायकांना डाळ द्यायला लागलो त्याचा गुण दिसतोय." मग सोमवारी नेमानं काटा तपासायला त्या वाकल्या, तर रिकामं पारडं अडीच औंस दाखवत होतं. खाली वाकून बघतात तर लिंबू-मिरच्या पारड्याच्या तळाला लटकलेल्या!

बाईंनी वही उघडून आठवड्याची वजनं खोडायला घेतली. नूरन खाला मात्र एकदम खूश.

"देखा बाई? नींबू से बच्चे बढ़ गए!"

* * *

आता घरचं सांगते, कारण वॉर्डातलं माझं भांडण खरं म्हणजे घरातूनच सुरू झालं होतं.

आईवडिलांच्या मागे आमच्या घरात आत्याचं राज्य होतं. वडिलांची थोरली बहीण, बालविधवा, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी टांगेवाला घोडा आवरायचा. माझा धाकटा भाऊ दत्ता सरकारी पागेत कारकून होता. त्याची बायको सुमती. ही सुमती दिवसाकाठी दहा शब्द बोलत असेल, तेही "हो" आणि "जी" धरून.

आत्याचा नियम असा की पोटुशीनं अर्ध्या पोटी राहायचं. "मूल पोटात वाढवू नये, पाळण्यात वाढवावं. पोटात मोठं झालं की अडतं, आणि मग दोघंही जातात." हा काही एकट्या आत्याचा नियम नव्हता. नूरन खालानंही तीस वर्षं हेच सांगितलं होतं. बाईंनी एकदाच तिला उत्तर दिलं, "लहान मूल सहज येतं, खरं आहे खाला. तितक्याच सहज जातंही." त्या दिवसापासून नूरन खालानं ते सांगायचं सोडलं. आत्यानं सोडलं नाही.

सुमतीचं पहिलं मूल पावणेचार पौंडांचं झालं. म्हणजे दोन शेरांहूनही कमी. नऊ दिवस राहिलं. दुसरं जेमतेम चार पौंडांचं होतं, सव्वा महिन्याचं होऊन गेलं. दोन्ही मुलगे. दोन्ही मीच तोलले होते.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा उज्जैनहून मामा आले, कोटाच्या खिशात एक पत्रिका घालून. ओसरीवर बसून सुमतीच्या देखत म्हणाले, "हिच्या कुशीत मूल टिकत नाही. आमच्या शेजारी एक चांगली मुलगी आहे. दत्ताचं दुसरं लग्न उरकून टाकू." दत्ता जमिनीकडे बघत बसला. मला त्याची एवढी चीड आली की काही विचारू नका! आत्या म्हणाली, "ही खेप होऊ द्या. मग बोलू." सुमती पाणी वाढत होती. तिनं मामांचा पेला काठोकाठ भरला आणि आत निघून गेली.

मी मनाशी म्हटलं, बघतेच आता! दुसऱ्या दिवशी घरी येऊन बेधडक थाप मारली, "सुमतीच्या पायाला सूज दिसते. बाईंनी रोज दुपारी दाखवायला आणायला सांगितलंय."

सूज वगैरे काही नव्हती. वॉर्डामागच्या स्वयंपाकाच्या खोलीत मी तिला रोज समोर बसवून जेवायला घालायची. दोन बाजरीच्या भाकऱ्या, तूप सोडलेली डाळ, पेलाभर दूध, थंडी पडल्यावर वर तीळगुळाची गजक. घरी आत्या तिच्या पानात अर्धी पोळी टाकून "पुरे!" म्हणून ओरडायची, तेव्हा मी खाली मान घालून जेवत असायची.

"आत्याला सांगू नकोस हं," मी सुमतीला बजावलं.

"जी," ती म्हणाली.

* * *

त्याच थंडीत एका बड्या सरदाराघरची सून आमच्याकडे आली. बरोबर चांदीची भांडी, दोन दासी आणि सासूबाई. मूल झालं साडेचार पौंडांचं. पलीकडच्याच खाटेवर एक भाजीवाली होती. आदल्या दिवसापर्यंत टोपली घेऊन फिरत होती, पण ज्वारी-बाजरी, मेथी, ताक असं पोटभर खाऊन. तिचं मूल झालं सात पौंडांचं.

सासूबाई थेट बाईंसमोर उभ्या राहिल्या. "हा काटा बदलून आणा. आमच्या घराण्याचं मूल भाजीवालीच्या मुलापेक्षा हलकं कसं भरेल?"

बाईंनी सुनेला विचारलं, "उपास कुठले कुठले करता?"

ती बोटं मोजायला लागली. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी, प्रदोष. शिवाय सासूबाईंनी नवस बोलला होता म्हणून एकभुक्त. मुलगा व्हावा म्हणून बोललेला नवस, आणि तो फेडत होता पोटातला मुलगा! बाई उठल्या आणि म्हणाल्या, "काटा तोच राहील. ताट बदला."

भाजीवाली पलीकडून सगळं ऐकत होती. तिनं आपल्या कटोऱ्यातली अर्धी खिचडी वेगळी काढली आणि दासीच्या हाती देत म्हणाली, "ले, बहूरानी को दे दे. कहना, मेरा तो हो गया."

* * *

गिरणीकडच्या वस्तीतून एक बाई तपासून घ्यायला यायची. सातवा महिना, आणि दिवसभर उभं राहून काम. घरी गेली की पाणी भरायचं, चूल पेटवायची. पोट काही वाढेना. बाईंनी चिठ्ठी लिहून दिली : ‘हिला बसून करण्याचं काम द्यावं.’

तिसऱ्या दिवशी तिचा मुकादमच चिठ्ठी घेऊन आला. मिशा अशा की दारातून तिरक्या काढाव्या लागतील.

"बाईसाहब, यह क्या लिखा है? पेट में दो-ढाई सेर का बच्चा, उसमें कौन-सा बोझ? हमारी अम्मा तो नौवें महीने तक चक्की पीसती थीं!"

"खरंच, काहीच ओझं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम तो पहलवान आदमी हो. एक काम करो." त्यांनी नूरन खालाला हाक मारली. कोठीतून दहा शेर ज्वारी आली, लुगड्याच्या धडप्यात बांधून मुकादमाच्या पोटावर घट्ट कसली गेली. "बच्चा, पानी, सब मिलाके इतना ही होता है. मैं राउंड लेके आती हूँ, तब तक खड़े रहना. टेकायचं नाही."

वॉर्डातल्या बायका माना उंच करून बघत होत्या, त्यामुळे गड्याला माघार घेता येईना. बाईंनी त्या दिवशी जेवढा सावकाश राउंड घेतला तेवढा पुढे कधीच घेतला नाही. परत आल्या तेव्हा मुकादम घामाघूम, एक हात कंबरेवर.

"बाईसाहब, एक कुर्सी मिलेगी?"

"किसके लिए?"

त्यानं पोटावरचं गाठोडं सावरलं. "दोनों के लिए."

* * *

तंबाखूचं प्रकरण छोटंच आहे. भूक मारायला बऱ्याच बायका तंबाखू चघळायच्या. पोटात अन्न नाही, वर हे विष, मग मूल वाढणार कुठून? बाईंनी हुकूम काढला की वॉर्डात तंबाखूची चिमूटही दिसता कामा नये. काम नूरन खालाकडे दिलं.

चार दिवसांनी बाईंनी उश्या, गाठोडी, कनवटी सगळं तपासलं. कुठे काही नाही! "शाबास खाला! सगळ्यांची काढून घेतलीस? मग ठेवलीस कुठे?"

नूरन खालानं नुसती मान हलवली. उत्तर देण्यासाठी तिला आधी बाहेर जाऊन थुंकावं लागलं असतं.

* * *

एक किस्सा मात्र हसण्यासारखा नाही. एक सासरा सुनेला घेऊन आला. आठवा महिना, अंगावर मांस नाही. बाईंनी वय विचारलं.

"अठरा," सासरा म्हणाला. आमच्या वॉर्डात सगळ्याच सुना अठरा वर्षांच्या असायच्या.

बाईंनी त्याला बाहेर पाठवलं आणि पोरीशी गप्पा मारत बसल्या. माहेर कुठे, भावंडं किती, खेळायची काय. "बाहुलीचं लग्न शेवटचं कधी लावलंस?"

"मागच्या दिवाळीला," ती म्हणाली. "बाहुली इथेच आहे, गाठोड्यात. दाखवू?"

तिला झालेलं मूल पावणेचार पौंडांचं होतं. बाईंनी वहीत वजन लिहिलं आणि वयाच्या रकान्यात ‘तेरा किंवा चौदा’. सासऱ्यानं आरडाओरडा केला, बदनामीची धमकी दिली, ओळखीपाळखी सांगितल्या. बाईंनी शाई वाळेपर्यंत वहीवर हात ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मला आजही तो माणूस आठवला की रक्त तापतं.

* * *

त्याच वहीपायी एक अधिकारी येऊन गेले. पगडी, छडी, मागे पट्टेवाला. त्यांनी चार पानं उलटली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "साडेचार, पाच, चार, सव्वापाच! हे बाहेर कोणी बघितलं तर राज्याची काय अब्रू राहील? पुढच्या महिन्यापासून सरसकट सहा लिहीत चला."

"लिहू की," बाई म्हणाल्या. इतक्या गोड आवाजात, की मी आणि नूरन खाला दोघी एक पाऊल मागे सरकलो. "फक्त आपण रोज येऊन प्रत्येक सहावर सही करा. आणि त्यातलं एखादं मूल गेलं, तर आईला सांगायलाही आपणच या. म्हणजे, सहा पौंडांचं तुझं मूल कसं काय गेलं, ते समजावून सांगा."

साहेब उठले ते तडक टांग्यात जाऊन बसले. छडी विसरले. नूरन खालानं ती पुढे कित्येक वर्षं मांजरं हाकलायला वापरली.

* * *

सुमतीला सहावा महिना संपत आला असेल. एका दुपारी बघते तर वॉर्डाच्या दारात आत्या! सूज खरी की खोटी ते बघायला आली होती, दुसरं काय. इकडे सुमती मागच्या खोलीत दुसऱ्या भाकरीवर. आत्याला थोपवायचं म्हणून मी तिला काट्यापाशीच अडवलं.

पारड्यात दोन दिवसांचं एक पोर होतं. साडेतीन पौंड. कातडी सुरकुतलेली, रडणं ऐकूच येत नव्हतं. आत्या बघत राहिली. मग खाटेवरच्या त्याच्या आईकडे बोट करून म्हणाली, "हिनं काय खाल्लं होतं?"

माझा तोल गेला. सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "अर्धी पोळी! तुझ्याच मापानं!"

आत्यानं पदर सावरला आणि सुमतीची चौकशीही न करता निघून गेली. मला वाटलं, चला, काहीतरी फरक पडला. रात्री जेवायला बसलो, आणि सुमतीच्या पानात अर्धी पोळी पडली. "पुरे!" आत्या नेहमीसारखी ओरडली. त्या दिवसापासून मी आत्याचा नाद सोडला आणि सुमतीला दुपारी आणखी एक वाटी दूध द्यायला लागले.

* * *

माघ महिन्यात, भर दुपारी, सुमती बाळंत झाली. मुलगी. अडली-बिडली काही नाही. नूरन खालानं नाळ कापली, मी पोरीला पुसून पारड्यात ठेवलं. तबकडीकडे बघायचं धाडस होईना. बाईंनीच वाचलं.

"सात पौंड नऊ औंस."

बाईंनी मुलीला उचललं, रिकामा काटा शून्यावर आहे ना ते बघितलं, पुन्हा ठेवलं. सात पौंड नऊ औंस. मी रडायलाच लागले. नूरन खाला म्हणाली, "माशाअल्लाह, यह तो दौड़के आई है!"

बाई मात्र माझ्याकडे रोखून बघत होत्या. मी काय खाऊ घालते ते त्यांना ठाऊक होतं. "दोन भाकऱ्या आणि दुधावर एवढं?" त्या खाटेपाशी बसल्या. "सुमती, खरं सांग. तू आणखी काय खात होतीस?"

सुमतीनं दाराकडे बघितलं. दारात आत्या उभी होती.

"दुपारी इथे वन्संनी दिलेलं," सुमती म्हणाली. "आणि सकाळी देवघरात... शिरा. भिजवलेले बदाम. साय-साखर. कधी डिंकाचा लाडू. आत्याबाई दार लावून समोर बसायच्या आणि वाटी संपल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत."

"कधीपासून?" मी किंचाळलेच. "मला बोलली नाहीस ती?"

"आत्याबाई इथे येऊन गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुम्ही म्हणालात, आत्याबाईंना सांगू नको." एवढं सलग बोलायची तिला सवय नव्हती, ती दम खायला थांबली. "आणि आत्याबाईंनी शपथ घातली होती, वन्संना सांगू नको."

मी आत्याकडे वळले. तिनं माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. "पोरीला गुंडाळ आधी, गारठा आहे," म्हणाली आणि व्हरांड्यात गेली. मीही मागोमाग गेले.

बाकावर दत्ता आणि मामा बसले होते. मामा आदल्या दिवशीच उज्जैनहून आले होते. ते उठले. "काय झालं?"

"सात पौंड नऊ औंस," आत्या म्हणाली.

"अहो, मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"तेच!" मामांनी खिशातून पत्रिका काढली. "तरी मी म्हणत होतो. आता उज्जैनला कळवून टाकतो."

"कळवा ना मामासाहेब, जरूर कळवा," आत्या म्हणाली. टांगेवाल्याला घोडा आवरावा लागेल असा तो आवाज होता, वॉर्डातल्या बाराच्या बारा बायकांनी ऐकला. "आणि त्यांना एक विचारून घ्या. ती मुलगी जन्मली तेव्हा किती भरली होती? साडेसात पौंडांच्या आत असेल, तर आमच्या घराला चालायची नाही!"